वहीतली खरखर

संगीताच्या संग्रहालयात पाहायचे काय, हा आईचा प्रश्न कोलंबसहून निघाल्यापासून क्लीव्हलंड येईपर्यंतच्या दोन तासांत आम्हा कोणालाच सोडवता आला नव्हता. गाणे ही ऐकायची गोष्ट आहे आणि ती घरी खुर्चीत बसूनही ऐकता येते, मग तिकीट काढून, दुखरे गुडघे घेऊन मजले कशाला चढायचे, असे तिचे साधे म्हणणे होते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही धाकट्या बहिणीकडे ओहायोत गेलो होतो. तिचा चौदा वर्षांचा मुलगा दीड वर्षापासून ड्रम शिकतो आहे, आणि क्लीव्हलंडचे ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ आजी-आजोबांना दाखवायचेच, असा त्याचा हट्ट होता. बहिणीला आईच्या गुडघ्यांची काळजी होती, मेहुण्यांना पार्किंगची. एकोणऐंशी वर्षांचे बाबा मात्र सारा वेळ मागच्या खिडकीतून मक्याची शेते पाहत गप्प बसले होते. नात्यातल्या मुलांच्या हट्टाला आपण विरोध करायचा नाही, हे त्यांचे धोरण आहे.

इरी सरोवराच्या काठावर ही इमारत उभी आहे. सरोवर म्हणायचे, पण पलीकडचा काठ दिसत नाही, आणि वारा तर थेट समुद्रावरचा असतो. लूव्रच्या अंगणात काचेचा पिरॅमिड उभारणाऱ्या आय. एम. पे यांनीच इथेही काचेचा मोठा तंबू पाण्याच्या दिशेने कलता केला आहे. हे काम अंगावर घेतले तेव्हा पे यांना या संगीतात फारसे गम्य नव्हते, म्हणून त्यांना मुद्दाम जलशांना नेण्यात आले होते, हे मेहुण्यांनी सांगितल्यावर आईला बराच धीर आला. १९९५च्या सप्टेंबरमध्ये हे संग्रहालय लोकांना खुले झाले. बाहेरच्या पटांगणात माणसाहून उंच अशी लाल अक्षरे मांडलेली आहेत आणि त्यांत चढून बसण्यासाठी मुलांची झुंबड असते. आमच्या भाच्यानेही एका अक्षराच्या पोटात बसून छायाचित्र काढून घेतले.

मुख्य दालन तळघरात आहे, म्हणजे आत शिरल्यावर पहिल्यांदा खाली उतरावे लागते. डोळे अंधाराला सरावले की काचेमागच्या वस्तू दिसू लागतात: गिटारी, चकचकीत जाकिटे, बूट, चष्मे, करारांचे कागद. मला पहिल्या अर्ध्या तासात आईचेच म्हणणे पटू लागले होते. गिटार काचेत ठेवली की ती लाकडाची एक सुबक वस्तू उरते. ती कोणाच्या हातात होती हे पाटीवर लिहिलेले असते, आणि आपण ती पाटी वाचून मान डोलावतो. मला थांबवले ते फक्त हस्तलिखित गाण्यांच्या कागदांनी. खोडाखोड, समासात घुसडलेली ओळ, मधेच बदललेली शाई. पुढे लाखो लोकांना तोंडपाठ झालेली ओळ लिहिणाऱ्याला आधी सुचलीच नव्हती, तिच्या जागी एक सुमार ओळ होती, हे त्या कागदावर उघड दिसते. बाकी पोशाखांपुढून आम्ही भराभर पुढे गेलो. आईने फक्त एका मखमली कोटाचे अस्तर कसे उसवले आहे ते बारकाईने पाहिले आणि ‘एवढे पैसे मिळवले, पण शिंपी चांगला मिळाला नाही’, असा निर्वाळा दिला.

बाबा थांबले ते एका निवेदकापाशी. हे सगळे क्लीव्हलंडमध्येच का, न्यूयॉर्कमध्ये किंवा मेंफिसमध्ये का नाही, असे त्यांनी भाच्याला विचारले होते, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही ॲलन फ्रीडच्या गोष्टीपर्यंत पोचलो. हा माणूस ना गात होता, ना वाजवत होता. तो रेडिओवर तबकड्या लावत असे. क्लीव्हलंडच्या प्रॉस्पेक्ट ॲव्हेन्यूवर लिओ मिंट्झ नावाच्या गृहस्थांचे तबकड्यांचे दुकान होते. कृष्णवर्णीय कलावंतांच्या ज्या तबकड्या केवळ कृष्णवर्णीयच विकत घेणार असा बाजाराचा समज होता, त्या गोरी पोरेही दुकानात येऊन ऐकतात आणि नेतात, हे मिंट्झ यांनी गल्ल्यावर बसून पाहिले. ही गाणी रात्री रेडिओवर लाव, असे त्यांनी फ्रीडला सुचवले आणि जाहिरातीचा आधारही दिला. १९५१च्या जुलैत फ्रीडचा रात्रीचा कार्यक्रम सुरू झाला. ‘मूनडॉग’ हे नाव घेऊन तो हवेत ओरडत, टेबलावर थापा मारत, गाण्याच्या मधेच दाद देत तबकड्या वाजवी. ‘रॉक अँड रोल’ हा शब्दप्रयोग त्याने घडवला नाही. तो कृष्णवर्णीयांच्या गाण्यांत आणि बोलण्यात आधीपासून होता, आणि त्याचा अर्थही फारसा सोवळा नव्हता. फ्रीडने तो घरोघरी पोचवला, एवढेच.

मग २१ मार्च १९५२. फ्रीड आणि मिंट्झ यांनी क्लीव्हलंड अरीनात ‘मूनडॉग कॉरोनेशन बॉल’ ठेवला. जागा सुमारे दहा हजारांची, आणि दारात जमले त्याच्या जवळजवळ दुप्पट. दारे मोडली, लोक आत घुसले, आणि पहिल्या वादकाचे जेमतेम एक गाणे होते न होते तोच अधिकाऱ्यांनी कार्यक्रम बंद पाडला. जगातला पहिला रॉक जलसा म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो असा एका गाण्याचा होता. इतक्या माणसांना कोणी बोलावले होते, तर एका आवाजाने; आणि आपण इतके जण आहोत हे त्या माणसांनाही त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हते.

‘बावन्न साल,’ बाबा म्हणाले. मग थोडे थांबून, ‘आमचे बिनाकासुद्धा बावन्नचेच.’

हा योगायोग मला त्या क्षणापर्यंत कधी जाणवला नव्हता. त्याच १९५२ साली दिल्लीत बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे निष्ठावंत, आणि चित्रपटगीतांनी देशाची अभिरुची बिघडते आहे असे मनापासून मानणारे. त्यांच्या धोरणातून निर्मात्यांशी वाद झाला आणि काही काळ आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी मग काय केले, तर रेडिओची सुई सरकवली. समुद्रापलीकडचे रेडिओ सिलोन लघुलहरींवर लागत होते, आणि तिथे १९५२च्या डिसेंबरमध्ये बिनाका गीतमाला हा हिंदी चित्रपटगीतांचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करीत, ती फीत विमानाने कोलंबोला जाई, आणि तिथून तो आवाज पुन्हा समुद्र ओलांडून भारतात येई. सरळ हिशेबाने मुंबईहून वाईला यायला त्या आवाजाला असा कोलंबोचा वळसा घालावा लागत होता! अखेर १९५७च्या ३ ऑक्टोबरला सरकारनेच विविध भारती सुरू केली आणि गाणी घरी परतली. केसकरांना नुसते नावे ठेवणे मात्र मला बरोबर वाटत नाही. शनिवारी रात्रीचा राष्ट्रीय संगीताचा कार्यक्रम त्यांच्याच काळातला, आणि मोठमोठे गवई ज्यांनी कधी समोर बसून ऐकले नसते अशा असंख्य घरांत तो पोचला. बाबांनी दोन्ही ऐकले. बुधवारी एका कानाने आणि शनिवारी दुसऱ्या कानाने, असे ते म्हणतात.

बाबांचे बालपण वाईत गेले. घरी रेडिओ नव्हता. तो घ्यायचा म्हणजे आधी पैसे, मग पोस्टात जाऊन दरसाल लायसन्स भरायचे, आणि शिवाय आजोबांची नाराजी. म्हणून बुधवारी रात्री आठ वाजता घाटाजवळच्या एका हॉटेलाबाहेर पाच-सहा पोरे उभी राहत. आत बसायचे तर चहा मागवावा लागे आणि तेवढे पैसे कोणाकडे नसत, तेव्हा ऐकणे दारातूनच. बिनाका हे दातांच्या पेस्टचे नाव आहे हे त्यांना माहीत होते, पण घरी दात राखुंडीने घासले जात आणि त्यात काही विसंगती आहे असे कोणाला वाटत नसे. बाबांकडे त्या काळातली एक वही अजून आहे. १९५९ ते १९६२. शंभर पानी, कव्हर गेलेली, शिवण बाबांनी नंतर पांढऱ्या दोऱ्याने घातलेली. पानावर उभ्या रेघा मारून पायदानाचा, म्हणजे त्या आठवड्यातल्या गाण्याच्या क्रमाचा, आकडा, गाण्याचे पहिले चार-पाच शब्द, चित्रपट आणि गायक असे रकाने आहेत. दारातच उभे राहून लिहायचे म्हणून अक्षर कधी पेन्सिलीचे, कधी तिरके. आणि दर दोन-तीन पानांनी एखाद्या ओळीत आकड्यापुढे गाण्याचे नाव नसून फक्त ‘खरखर’ असे लिहिलेले आहे. लघुलहरींचा आवाज येई आणि जाई. नेमके नाव सांगताना तो बुडाला तर बुडाला. अशा वेळी बाबा रकाना मोकळा सोडत नसत. जे ऐकू आले ते लिहीत.

लहानपणी ती वही पाहून आम्ही बहिणी खूप हसलो होतो. ‘पायदान सात, खरखर’ हा आमच्या घरात कितीतरी वर्षे विनोद होता. नळाला पाणी आले नाही की कोणीतरी तो म्हणायचेच.

फ्रीडची पुढची गोष्ट चांगली नाही. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर वाजवणारा मूनडॉग नावाचा एक अंध संगीतकार खरोखरच होता. त्याने दावा लावला, जिंकला, आणि फ्रीडला ते नाव सोडावे लागले. १९५४मध्ये फ्रीड न्यूयॉर्कला गेला, फार मोठा झाला, आणि गाणी वाजवण्यासाठी पैसे घेण्याच्या प्रकरणात तितक्याच वेगाने संपला. चक बेरीच्या पहिल्या गाजलेल्या गाण्यावर सहलेखक म्हणून त्याचे नाव पडले होते, ते त्याने लिहिले म्हणून नव्हे. १९६२मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, दंड तीनशे डॉलरचा झाला, पण त्याचे काम कधीच परत आले नाही. १९६५च्या जानेवारीत तो गेला तेव्हा अवघा त्रेचाळीस वर्षांचा होता. बाबांनी हे सगळे ऐकून घेतले. ‘गाणी चांगली निवडत होता ना?’ एवढेच त्यांनी विचारले. मला वाटते हा खास श्रोत्याचा प्रश्न आहे, आणि तो फारसा निर्मळ नाही.

क्लीव्हलंडच का, याचे दुसरे अर्धे उत्तर मला अधिक आवडले. १९८०च्या दशकात संग्रहालय कुठे बांधावे यावरून शहरांत चढाओढ लागली. क्लीव्हलंडकरांनी सहा लाख सह्या गोळा केल्या. १९८६मध्ये एका राष्ट्रीय दैनिकाने दूरध्वनीवरून कौल घेतला, तेव्हा क्लीव्हलंडला १,१०,३१५ मते पडली आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मेंफिसला साडेसात हजारांच्याही आत. त्या शहरातून मेंफिसइतके गायक निघाले नव्हते. निघाले होते ते ऐकणारे. आणि तरीही या एवढ्या मोठ्या वास्तूत ऐकणाऱ्याची वस्तू शोधू गेले तर हाताला फारसे लागत नाही. गायकाचा घामेजलेला सदरा आहे, पण दुकानात उभे राहून तबकडी ऐकणाऱ्या, पैसे नसल्याने ती परत ठेवणाऱ्या पोराचे काही नाही. त्याने काही ठेवलेच नसेल म्हणा, किंवा ठेवले असेल तर ते त्याच्या मुलींना विनोदी वाटले असेल.

वरच्या मजल्यावर सन्मानितांची नावे आहेत. १९८६च्या पहिल्या यादीत एल्विस प्रेस्ली आणि चक बेरी आहेत, पण बाई एकही नाही. पहिली स्त्री, ॲरेथा फ्रँकलिन, पुढच्या वर्षी आली. जिने चर्चमध्ये आणि रंगमंचावर विजेची गिटार गाजवली त्या सिस्टर रोझेटा थार्पला २०१८पर्यंत थांबावे लागले, म्हणजे मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षे. एल्विसने १९५६मध्ये देशभर गाजवलेले एक गाणे मुळात बिग मामा थॉर्नटनने १९५२मध्ये, पुन्हा तेच साल, ध्वनिमुद्रित केले होते. तिचे नाव या घरात आले २०२४मध्ये. बहिणीने या तारखा भाच्याला मोठ्याने वाचून दाखवल्या आणि त्याने खांदे उडवले. चौदाव्या वर्षी अडतीस वर्षांच्या उशिराचा अर्थ कळत नाही.

पण एका नावापाशी बाबांना मी हात धरून नेले. २००१ साली ‘क्वीन’ हा गट सन्मानित झाला, आणि त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला फारोख बलसारा हा पारशी मुलगा. आठव्या वर्षी तो शिकायला पाचगणीला सेंट पीटर्समध्ये आला, तिथेच पियानो शिकला, तिथेच मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा पहिला वाद्यवृंद काढला. बाबाही शेहेचाळीसचेच. वाईहून पसरणीचा घाट चढले की बारा-तेरा किलोमीटरवर पाचगणी. म्हणजे खाली हॉटेलाच्या दारात एक मुलगा पेन्सिल घेऊन उभा होता तेव्हा वर त्याच्याच वयाचा दुसरा मुलगा, त्याचे त्या काळातले मित्र सांगतात त्याप्रमाणे, रेडिओवर ऐकलेले गाणे लगेच पियानोवर वाजवून दाखवत होता.

मला वाटले होते बाबांना याचे फार अप्रूप वाटेल. त्यांनी नाव दोनदा वाचले. मग म्हणाले, ‘पाचगणीला आवाज स्वच्छ येत असणार. उंचावर आहे.’

त्यानंतरचा तासभर भाच्याचा होता. ‘द गराज’ नावाच्या विभागात वाद्ये काचेत नसतात. गिटार, कीबोर्ड, ड्रम हाताळायला ठेवलेले असतात आणि कोणीही बसून वाजवावे. भाचा ड्रमवर बसला. शेजारी कोणा अनोळखी आजोबांनी बास गिटार उचलली, एका मुलीने कीबोर्डवर दोनच सूर धरले, आणि पाच-सात मिनिटे काहीतरी वाजत राहिले ज्याला गाणे म्हणणे अतिशयोक्ती होईल. आईने बाकावर बसून पूर्ण ऐकले. संग्रहालयात पाहायचे काय हा प्रश्न तिने पुन्हा काढला नाही, पण उत्तर मिळाले असेही ती म्हणाली नाही. ‘पोराचा उजवा हात चांगला आहे’, एवढे म्हणाली.

कॅफेत सँडविच खाताना मेहुण्यांनी फोनवर वाचून एक गोष्ट सांगितली. ॲलन फ्रीडच्या अस्थी २००२मध्ये न्यूयॉर्कहून इथे आणल्या होत्या आणि या संग्रहालयातच एका कोनाड्यात ठेवल्या होत्या. बारा वर्षांनी, २०१४मध्ये, संग्रहालयाने कुटुंबाला त्या घेऊन जाण्यास सांगितले. आता त्या याच शहरातल्या लेक व्ह्यू दफनभूमीत आहेत, आणि वर ज्यूकबॉक्सच्या आकाराचा दगड आहे. आईचा घास हातातच राहिला. अस्थी म्हणजे आपण कृष्णेत सोडतो ती गोष्ट. ती तिकीट लावून काचेआड ठेवावी, ही कल्पनाच तिला सहन झाली नाही. बाबांना मात्र दुसरेच खटकले होते.

‘ठेवल्या ते ठेवल्या,’ ते म्हणाले, ‘मग काढल्या कशाला? तो गेल्यावर तिथे काय लावले?’

ते कोणालाच माहीत नव्हते.

परतीच्या वाटेवर अंधार पडेपर्यंत बाबा भाच्याशी वहीविषयी बोलत होते. त्याला इंग्रजी-मराठीची सरमिसळ करून ते सगळे सांगत होते: लघुलहरी म्हणजे काय, सुई केसाएवढी सरकली तरी स्टेशन कसे निसटते, ‘पायदान’ शब्दाचा अर्थ, दारातल्या पोरांपैकी एकाने गायकाचे नाव ओळखायचे, दुसऱ्याने चित्रपटाचे आणि बाबांनी लिहायचे, ही वाटणी. खरखरीचेही सांगितले. आजोबा दर आठवड्याला याद्या करत होते, या गोष्टीचा त्याच्यावर काचेतल्या सगळ्या गिटारींपेक्षा जास्त परिणाम झालेला दिसला, कारण तोही फोनवर असल्याच काही याद्या करतो.

आम्ही पुण्याला परतल्यावर एका रविवारी सकाळी त्याने व्हिडिओ कॉल लावला आणि वही दाखवायला सांगितले. बाबांनी ती कपाटातून काढली, कापडाने पुसली, आणि मी फोन धरून एकेक पान उलटत गेले. तिकडे तो दुसऱ्या पडद्यावर काहीतरी शोधत होता. वार्षिक याद्या नेटवर आहेत, तो म्हणाला. त्या वर्षी कोणती गाणी चालली होती ते कळते, आधीच्या आणि नंतरच्या आठवड्याचे आकडे वहीत आहेतच, तेव्हा मधल्या जागी कोणते गाणे असणार ते बऱ्याच ठिकाणी काढता येईल. त्याने एका पानावरचे काढलेही होते. सांगू का, आजोबा? पेन्सिलीने भरता येईल.

बाबांनी चष्मा वर करून ते पान जवळ धरले. सातव्या पायदानापुढे पेन्सिलीने ‘खरखर’ लिहिले होते, जरा घाईत, र ला जोडून.

‘नको,’ ते म्हणाले. ‘त्या बुधवारी खरखरच होती.’